करंजमाळची पांढरी भिंत

१

जिवा मेला तो औषध पिऊन. ताप-खोकल्याचं औषध आणायला करंजमाळच्या सरकारी दवाखान्यात गेला, परत जाताना ओहोळाच्या काठी बसून बाटलीतले दोन घोट घेतले आणि दिवस कलायच्या आत संपला. ताप गेला, हे मात्र खरं. सरकारी कामाला एवढंही यश सहसा येत नाही.

करंजमाळ जव्हारहून मोखाड्याला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आठवड्याचा बाजार, एक दवाखाना, एक सरकारी बंगला आणि रिकामटेकड्या शहाण्यांचा भरपूर साठा. त्यातला एक शहाणा मी. केशवराव भोये. संस्थान होतं तेव्हा जव्हारचा फौजदार होतो. पुढे विलीनीकरण झालं आणि नव्या राज्याला माझं वय चाललं नाही. तोंड तर त्याहून चाललं नाही. त्यामुळे पेन्शनीत निघालो. आता इकडे कुणी वाईट रीतीने मेलं की मला पंच म्हणून बोलावतात. पंचाने डोळे मिटून ऐकायचं, जमादाराने लिहिलेलं खरं मानायचं आणि खाली नाव टाकून चहा प्यायचा, अशी पद्धत आहे.

दवाखान्याच्या ओसरीवर आम्ही बसलो होतो. जमादाराने पंचनामा खड्या आवाजात वाचून दाखवला. जिवाच्या बाटलीत सांधेदुखीवर चोळायचं औषध निघालं होतं. त्यात बचनाग असतो. चमचाभर पोटात गेला तरी माणूस जायचा. बाटलीवर छापील कागद होता: ‘विष. फक्त बाहेरून लावण्यासाठी.’ जिवाच्या सात पिढ्यांत कुणी शाळा पाहिली नव्हती, पण कागद चिकटवला की कर्तव्य संपलं. चुकीची बाटली दिली म्हणून कंपाउंडर देवरामला मागच्या खोलीत कोंडला होता.

“खरा गुन्हा वेगळाच आहे,” घैसाससाहेब म्हणाले.

या घैसाससाहेबांची ओळख करून द्यायला हवी. ते मुंबईहून आले होते. त्यांच्या हुद्द्याचं नाव एवढं लांब होतं की लोकांनी त्यांना ‘कार्यक्षमतासाहेब’ करून टाकलं. माणसाकडून जास्त काम कसं काढावं हे ते परदेशात शिकून आले होते. आता आमच्या दवाखान्यातल्या दोन माणसांना सुधारायला त्यांनी तीन आठवड्यांचा प्रशिक्षणवर्ग घेतला होता. फळा आला, बाणांचे तक्ते आले, गळ्यात अडकवायचं स्टॉपवॉच आलं. डॉक्टर मात्र आले नाहीत. ती जागा वर्षभर रिकामीच होती.

“पहिला डोस खिडकीशीच, आपल्या समोर पाजायचा, चोळायचं औषध समोर चोळायचं, हा इथला जुना नियम,” साहेब म्हणाले. “तो मी वर्गात पुन्हा घोटून घेतला. शेवटच्या दिवसापर्यंत रोज चालू होता. त्या बाजारच्या दिवशी देवरामने टाळाटाळ केली. पाजलं असतं तर चूक जागेवर पकडली गेली असती. हे बघा पेले, हा बघा नियम. माणूसच नालायक निघाला तर व्यवस्था काय करणार?”

खिडकीच्या आत लाकडी घोडीवर औषधाचे काचेचे पेले ओळीने उपडे घातलेले होते. घोडीचं एक भोक रिकामं होतं. ओसरीत बाकाखाली नवीकोरी पिकदाणी होती. सगळं चित्रातल्यासारखं.

जमादाराने टाक माझ्या हातात दिला. मी सही करायला वाकलो आणि सवयीने खिडकीशेजारच्या भिंतीकडे नजर गेली. मी टाक खाली ठेवला.

“काय झालं?” जमादार म्हणाला. “भिंतीवर काय बघता?”

“काहीच नाही,” मी म्हणालो. “तेच बघतोय.”

२

जमादाराला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. संध्याकाळी प्रांतसाहेब येणार होते, तोवर माझी सही थांबली तर जमादाराचं काही बिघडत नव्हतं. मला देवरामला भेटू दिलं.

देवराम मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगतो. केसांना वासाचं तेल, मनगटावर घड्याळ, आणि आपल्याच माणसांशी बोलताना मध्येच ‘नेक्स्ट, नेक्स्ट’. इथल्याच डोंगरातला, पण बापाचं नाव विचारलं तर कपाळाला आठी पडायची. खोलीच्या दाराबाहेर त्याची आई जिजा फडक्यात नागलीची भाकर बांधून सकाळपासून बसली होती. त्याने ती घेतली नव्हती.

“मी मरणाचा हुशार नाही म्हणा, पण बाटली ओळखतो,” तो तडकून म्हणाला. “औषध बरोबर भरलं. कागद बरोबर लावले.”

“मग जिवाला विष कसं दिलंस?”

“जिवाला मी बघितलंच नाही, साहेब!”

“आँ?”

“पुंजा आला होता खिडकीवर. पाड्यातल्या सगळ्यांचे बिल्ले, नंबर आणि दुखणं लिहिलेले, त्याच्याच हातात. बिल्ला द्या, बाटली घ्या, ही नवी रीत. चार बिल्ले आले, चार बाटल्या दिल्या.”

“आणि समोर पाजायचं?”

देवराम हसला. ते हसू मला त्याच्या तेलाच्या वासापेक्षाही कमी आवडलं. “ते साहेबांनी वर्ग सुरू झाला त्याच दिवशी बंद केलं. म्हणाले, एकेका रोग्यामागे एवढा वेळ पाणी पाजण्यात आणि थुंकण्यात वाया जातो. पेलेसुद्धा उचलून नेले. आता विचारा त्यांना! म्हणतात, मी असं बोललोच नाही. लेखी काय आहे माझ्याकडे? आणि माघ्या त्यांचीच री ओढतोय.”

माघ्या म्हणजे दवाखान्यातला ड्रेसर, जखमा बांधणारा. मी त्याला बाहेर गाठला. त्याच्या अंगात देवरामचा पांढरा कोट होता. भुकेल्याला ताट मिळालं की कधी एकदा बसतो असं होतं, तसं झालं होतं त्याचं.

“काय रे माघ्या, कंपाउंडर झालास वाटतं?”

“साहेब बोलले, काम सांभाळ म्हणून. पुढं बघू बोलले.”

“पहिला डोस समोर पाजत होता तुम्ही?”

“व्हय. रोजच्या रोज.”

“वर्ग सुरू झाल्यावरसुद्धा?”

“रोज. सगळ्यांना. तापाचं औषध घेणारा एकही सुटला नाय. त्या दिवशीच देवराम घाईत व्हता.” हे सगळं तो माझ्याकडे न बघता, पाठ केलेल्या कवितेसारखं म्हणाला.

“कडू असतं ना रे ते तापाचं?”

“लय कडू! क्विनीन असतो ना. पाक घालतात तरी तोंड फिरतं. माणूस थुंकल्याबिगर राहत नाय.”

आपण काय बोललो हे त्याला कळलं नव्हतं, पण माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी चुकलंय एवढं उमगलं असावं. कोटाची बटणं लावत तो घाईघाईने आत गेला.

३

बंगल्यावर घैसाससाहेबांनी माझं स्वागत केलं. मी सही करायला राजी झालोय अशी त्यांची समजूत. भिंतभर तक्ता लावला होता: पूर्वी तासाला किती रोगी, आता किती. बाण उभा आकाशात चालला होता.

“बघा, भोये,” ते म्हणाले. वयाने मी त्यांच्या बापाएवढा, पण ‘भोये’. “काम का बिघडतं? माणूस बिघडतो म्हणून. माणसाला शिक्षण द्या, शिस्त लावा, काम आपोआप सुधारतं. हे लोक काय करायचे, ठाऊक आहे? घरून बाटल्या आणायचे. रॉकेलच्या, ताडीच्या, एकीला काचेचं बूच तर दुसरीला मक्याचं कणीस. मी त्या सगळ्या फेकून दिल्या. आता सगळ्यांना एकसारखी बाटली, स्वच्छ, छापील कागद लावलेली.”

“एकसारखी?”

“अगदी एकसारखी!” त्यांची छाती फुगली. “दवाखाना कसा होता, आणि आता कसा आहे! मी यायच्या आधी चुना लावून घ्या असं कळवलं होतं. तेव्हा लावला, अजून डाग नाही.”

“खरंच नाही,” मी म्हणालो. “मी आज तेच बघत होतो.”

साहेब खूष झाले. अशा माणसाला फासाचा दोर दाखवला तरी तो विचारील, हार माझ्यासाठीच का? वाटेत खड्डा खणायचा आणि पडणाऱ्याला चालायचं शिक्षण द्यायचं, ही यांची विद्या. वर पुन्हा पडणाऱ्यालाच शिक्षा.

साहेबांनी हाक मारली तसा बंगल्यावरचा स्वयंपाकी वेणू चहा घेऊन आला. साहेबांना कपबशीतून, मला एका लहान काचेच्या पेल्यातून. पाहुण्याची पायरी ओळखून भांडं द्यायची ही रीत नव्या राज्यातही चालू राहिलेली पाहून बरं वाटलं. चहा संपवता संपवता पेल्याकडे लक्ष गेलं. काचेवर मापाच्या आडव्या बारीक रेघा कोरलेल्या होत्या, एकावर एक.

साहेब तक्त्याकडे वळले होते. मी पेला घेऊन स्वयंपाकघरात गेलो.

“वेणू, असे आणखी आहेत का रे?”

“व्हते, फौजदारसाहेब. वर्ग चालू व्हता तंवर सगळे हितंच व्हते. च्या यातूनच द्यायचो लोकांना. ह्यो एक मोरीत राहिला.”

“आणि बाकीचे?”

“ते माघ्या घेऊन गेला ना, त्या जिवाला आणला तेव्हा. साहेब बोलले, पळत जा.”

४

पेला खिशात टाकून मी ओहोळाच्या वाटेने पाड्यावर गेलो. तिथे माझ्या तोंडातली सगळी कडू भाषा जिरली.

जिवाची बायको भागी झोपडीच्या उंबऱ्यात बसली होती. तिची लहान पोर फागी तिच्या मांडीवर झोपली होती. मी समोर बसलो. मी विचारायच्या आत ती आपणहूनच बोलली.

“एक घोट घेतला, तं बोलला, तोंडात मुंग्या आल्या. मी बोलली, सरकारी औषध हाय, जोरदार असेल. आजून एक घे. तो नको बोलत व्हता.” ती थांबली. “मीच पाजला दुसरा, दादा.”

खुनी शोधायला निघालेल्या माणसासमोर कुणी असा कबुलीजबाब ठेवू नये. त्या बाईच्या हातून दुसरा घोट गेला हे खरं होतं, आणि तो तिच्या हाती ज्यांनी दिला ते बंगल्यात बसून तक्त्यावर बाण काढत होते. मला एवढा संताप आला की उठून बाहेर जावं लागलं.

बाहेर कोंडी म्हातारी बसली होती. तिचे गुडघे गेली कैक वर्षं धरलेले. त्याच दिवशी तिलाही दवाखान्यातून चोळायचं औषध मिळालं होतं.

“आराम पडला का, कोंडीआजी?”

“कसला आराम!” ती खेकसली. “रातभर चोळला, तं मुंग्याच मुंग्या लागल्या गुडघ्याला. चावून खाल्ला मना. असा कसला औषध?”

मी तिच्या गुडघ्याला बोट लावून जिभेवर टेकवलं. आधी गोड, मागून कडू जहर. तिची बाटली मागून घेतली. कागदावर छापलं होतं: ‘पोटात घेण्यासाठी’. तापाचं औषध, पाक घातलेलं. मुंग्यांना वाचता येत नाही, पण त्या चुकल्या नव्हत्या.

म्हणजे देवराम खरं बोलत होता. दोन्ही बाटल्यांत जे होतं, तेच त्यांच्या कागदांवर होतं. बाटल्या खिडकीतून बरोबर निघाल्या आणि नंतर, बाहेर कुठेतरी, त्यांची अदलाबदल झाली.

पुंजाला हाक मारली. पुंजा हमाली करत ठाणे शहरापर्यंत जाऊन आलेला, पाड्यात तेवढ्या एकालाच बाजारातली भाषा नीट येते. त्यामुळे कचेरी असो, दवाखाना असो, सगळे झाडाखाली बसतात आणि पुंजा सगळ्यांचं तोंड होतो.

“पूर्वी आसा नव्हता, फौजदार,” तो म्हणाला. “पूर्वी ज्याचा औषध त्याला खिडकीशी जावा लागायचा. ढकलून न्यायचे, पाजायचे, मंग सोडायचे. बाटली पण आपापली. जिवाची हिरवी बाटली, कोंडीची चपटी. आंधळा पण ओळखेल. आता सगळ्या सारख्या. आन् बोलले, बिल्ला आण, माणूस नको.”

“वाटल्या कशा तू?”

“जशा वाटतात तशा.” त्याला प्रश्नच कळला नाही. “टोपलीत वळीनं मांडल्या व्हत्या. म्हातारीला आदी, मंग जिवाला, मंग बाकीचे. मोठ्याला आदी देतात ना?”

देतात. या डोंगरात लग्नातली ताडी असो, शिकारीतला वाटा असो, पहिला हात वडीलधाऱ्याचा. पुंजाने जन्मभर तेच पाहिलेलं. पण खिडकीतून बाटल्या वयाने निघत नाहीत, बिल्ल्याच्या नंबराने निघतात. जिवा तापाने फणफणलेला, म्हणून पाड्यातल्यांनीच पहिला बिल्ला त्याला घेऊ दिला होता. पहिली बाटली त्याची, दुसरी कोंडीची. पुंजाने रीतीप्रमाणे पहिली म्हातारीच्या हातात ठेवली. बाकी दोघांचं औषध तापाचंच, त्यांना काही झालं नाही.

पुंजा माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. ठाण्यात राहून तो पोलिसांचे चेहरे वाचायला शिकला असावा.

“मंग मीच मारला त्याला?” तो म्हणाला. “फौजदार, जिवाला मीच मारला?”

झोपडीच्या उंबऱ्यातून भागी आमच्याकडे बघत होती. तिनेही ऐकलं होतं.

५

प्रांतसाहेब आले तेव्हा उन्हं उतरली होती. कोवळे होते, कोटाला सुरकुती नव्हती, आणि मोखाड्याला मुक्कामाला पोचायची घाई चेहऱ्यावर लिहिलेली. देवरामला समोर उभा केला. त्याचं तेल आता उतरलं होतं. नोकरी जाणार होतीच. जमादार कैदेची भाषा करत होता. जिजा ओसरीच्या खाली, भाकरीचं फडकं तसंच धरून.

मी अदलाबदल कशी झाली ते सांगितलं. कोंडीची बाटली पुढे ठेवली. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत घैसाससाहेब उठले.

“म्हणजे गुन्हेगार सापडला! हा अडाणी पुंजा! आणि कंपाउंडरने नियम मोडला म्हणून तोही. दोघेही!”

एकाच्या जागी दोन. कार्यक्षमता म्हणतात ती हीच. ओसरीखाली पुंजा मान खाली घालून उभा होता; मी त्याला माझ्या शब्दावर आणला होता.

“साहेब,” मी प्रांतांना म्हणालो, “पुंजाच्या हातून अदलाबदल झाली. पण जिवाला खिडकीशी येऊन पहिला घोट समोर घ्यावा लागला असता तर पुंजाच्या टोपलीत त्याची बाटली गेलीच नसती. तेव्हा प्रश्न एकच. तो नियम देवरामने एका दिवसापुरता मोडला, की तो सगळ्यांसाठीच बंद केला होता? घैसाससाहेब म्हणतात, रोज चालू होता. माघ्याही तेच म्हणतो. मग मी सही करतो. फक्त त्याआधी साहेबांनी नियम कसा चालतो ते एकदा करून दाखवावं. वर्ग त्यांचाच आहे.”

“म्हणजे?” घैसास म्हणाले.

“तापाच्या औषधाचा एक डोस. खिडकीशी उभं राहून, आमच्या समोर.”

“हा काय पोरखेळ आहे! मला ताप नाही.”

प्रांतसाहेबांनी घड्याळ पाहिलं. “घ्या की, घैसास. तुम्हीच शिकवलंत ना? चटकन आटोपेल.” त्या घाईचे मी अजून उपकार मानतो.

देवरामने आत जाऊन पेला भरला. घैसाससाहेब रोग्यांच्या जागी उभे राहिले, नाकासमोर पेला धरला, डोळे मिटले आणि गटकन घेतलं. एक क्षण काही झालं नाही. मग त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला, ओठ उलटे झाले, आणि मुंबई, परदेश, शिस्त, सगळं विसरून ते बाजूला वळले आणि भिंतीवर पचकन थुंकले.

पांढऱ्या चुन्यावरून तांबूस ओघळ खाली आला.

“हेच,” मी म्हणालो. “जो जो हे औषध घेतो, तो तो हेच करतो. राजा असो नाहीतर रंक. संस्थानच्या दिवसांपासून ही भिंत छातीपर्यंत लाल-तपकिरी होती, जव्हारपासून मोखाड्यापर्यंत कुणालाही विचारा. साहेब येणार म्हणून तिला चुना लावला. त्याला तीन आठवडे झाले. दर आठवड्याचा बाजार होऊन गेला, तापाचे दिवस, शेकडो रोगी. रोज सगळ्यांना समोर पाजलं, असं हे म्हणतात. मग आतापर्यंत भिंतीवर एक डाग का नव्हता? पहिला डाग आत्ता पडला. तो साहेबांचा.”

“पिकदाणी!” घैसास खोकत म्हणाले. “मी पिकदाणी ठेवली आहे! सगळे तिच्यात थुंकायचे!”

“ती तुमच्या पायाशीच आहे. तुम्हाला स्वतःला आठवली नाही, आणि पाड्यातल्या माणसांना आठवली होय?”

प्रांतसाहेबांनी वाकून पिकदाणी बाहेर ओढली. आत दुकानदाराने ठेवलेलं गवत तसंच होतं.

मग मी खिशातला पेला काढला आणि घोडीच्या रिकाम्या भोकात ठेवला. अगदी नेमका बसला. “हा बंगल्यात चहाला होता. वर्ग चालू असेपर्यंत सगळेच तिकडे होते, वेणूला विचारा. जिवाला इथे आणला तेव्हा माघ्याला पळत पाठवून बाकीचे परत मांडले. नियम मेलेला होता. माणूस मेल्यावर त्याला जिवंत केला.”

माघ्याने कोटाची बटणं काढायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं.

“साहेबच बोलले,” तो पुटपुटला. “बोलले, आसा सांग, मंग तू कंपाउंडर.”

घैसाससाहेब बाकावर बसले. रुमालाने जीभ पुसत होते. “पण चूक माणसांनीच केली ना?” ते म्हणाले. “शेवटी माणसांनीच!”

“माणसं होती तशीच आहेत,” मी म्हणालो. “कंपाउंडर तोच, पुंजा तोच, मोठ्याला आधी द्यायची रीत तीच. इतकी वर्षं कुणी मेलं नाही. कारण कोणाचंही लक्ष चुकलं तरी तो एक कडू घोट सगळ्यांना सांभाळत होता, आणि एरवी घरची बाटली. तुम्हाला ते दोन्ही घाण वाटले. तुम्ही ते काढलेत आणि उरलेल्या माणसांना हुशार करत बसलात.”

मी पुंजाकडे वळलो. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, कारण भागीही येऊन कोपऱ्यात उभी होती. “पुंजा, तू मारला नाहीस. भागी, तू पण नाहीस. ऐकलंस का?”

तिने मान हलवली नाही. पण ऐकलं.

६

घैसाससाहेबांना काय शिक्षा झाली म्हणता? बढती. चौकशी झाली, ती कागदावर फिरली, आणि अखेर असं ठरलं की घडलेल्या प्रकारावरून प्रशिक्षणाची निकड सिद्ध होते. आता ते जिल्ह्याच्या गावी मोठा वर्ग घेतात. त्यात ‘पहिला डोस समोर’ ही त्यांनी शोधून काढलेली नवी पद्धत म्हणून शिकवतात. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आता जुनी झाली. आता चोराला फळा देतात.

देवराम सुटला. नोकरीही परत मिळाली, एका अटीवर: घैसाससाहेबांच्या वर्गाला जायचं आणि उत्तीर्ण होऊन यायचं. हुकूम घेऊन तो माझ्याकडे आला. डोक्याला पुन्हा तेल होतं.

“जाऊ का, फौजदारसाहेब?”

“जा. सरकारी भत्ता मिळेल. फक्त तिथे साहेबांनी काही प्यायला दिलं, तर पहिला घोट त्यांना घ्यायला लाव.”

तो हसला. पहिल्यांदाच मला त्याचं हसू बरं वाटलं. मग गंभीर होऊन म्हणाला, “वरून चुन्याचे पैसे आलेत. भिंत घाण झालीय म्हणे.”

“चुना बंगल्याच्या स्वयंपाकघराला लाव. भिंतीला हात लावलास तर मी स्वतः येऊन थुंकेन.”

पुढच्या थंडीत मला खरंच ताप आला आणि खिडकीशी जावं लागलं. भिंत छातीपर्यंत रंगली होती. माझ्यापुढे भागी उभी होती, कडेवर फागी. पोर फणफणली होती. देवराम ‘नेक्स्ट’ म्हणाला नाही. त्याने पेला पुढे केला, पोरीने दात घट्ट मिटले, भागीने तिचं नाक धरलं आणि औषध ओतलं. थोडं सांडलं. पोर आईकडे संतापाने बघत राहिली, मग बाजूला वळून भिंतीवर थुंकली आणि गळा काढून रडायला लागली.

भागी तो ओघळ खाली येईपर्यंत बघत होती. पोरीचा आवाज पुरेसा मोठा आहे याची खात्री झाल्यावर तिने पदराखालून एक हिरवी बाटली काढली. दवाखान्यामागच्या ढिगाऱ्यातून शोधून आणलेली, जिवाची. ती तिने खिडकीत ठेवली आणि म्हणाली, “हिच्यातच दे.”